रापणीचा वाटा आणि द्राक्षमळ्याचा मालक

माडाखालचा (धागाकर्ता)

मे महिन्यात पंधरा दिवस गावी होतो. गाव मालवण-वेंगुर्ला पट्ट्यातलं, अगदी किनाऱ्यावरचं. नाव लिहिलं तर इथले निम्मे लोक मला ओळखतील, म्हणून राहू दे. घरी आम्ही बोलतो ती धड मालवणी नाही आणि धड गोव्याची कोंकणीही नाही, ती ख्रिस्ती वाड्यावरची. वडिलांना आम्ही 'पाय' म्हणतो. 'माझे पाय मासेमारी करतात' असं निबंधात लिहून मी शाळेत एकदा छडी खाल्लेली आहे.

ज्यांनी रापण पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पहाटे होडीतून जाळं सोडत सोडत समुद्रात मोठा अर्धगोल घ्यायचा, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर आणायचे, आणि मग दोन्ही बाजूंनी वीस-पंचवीस माणसांनी मागे मागे सरकत ते ओढायचे. दोन-अडीच तास सहज जातात. मग जे येईल त्याचे वाटे.

आमच्या वाड्यावर एक जण होता, त्याला सगळे 'आयतो' म्हणायचे. जाळ्याचं पोट लाटांत दिसायला लागलं की हा लुंगी खोचत हजर. दोर ओढणार वीस मिनिटं आणि वाटा घेणार आमच्याइतकाच. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. माझी तळहाताची सालं निघालेली, आणि याच्या टोपलीत माझ्याएवढेच बांगडे! मी तिथेच वाळूवर रडारड केली. पाय म्हणाला, "दोरयेक हात लायलो मां त्येनी? मगे वाटो मेळतलो."

मत्तयचं वर्ष (चर्चमध्ये मत्तयचं शुभवर्तमान वाचायचं वर्ष) असलं की सप्टेंबरात एका रविवारी येशूच्या द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दृष्टांताचं वाचन येतं. सकाळी सहापासून राबलेल्याला एक दिनार आणि संध्याकाळी पाचला आलेल्यालाही एक दिनार. पाद्रींनी त्यावर बराच वेळ शेर्मांव (प्रवचन) केला, पण मला कळलं ते पायच्या त्या एका वाक्यावरून. आज पाय नाही. चार वर्षं झाली.

यंदा मे मध्ये मी रापणीवर गेलो. म्हणजे झोपून राहिलो, चहा घेतला आणि मग गेलो. पोचलो तेव्हा जाळं जवळजवळ काठाला आलेलं. पंधरा-वीस मिनिटं ओढलं असेल तर हाताला दोन फोड. निघताना कोणीतरी पिशवीत अकरा बांगडे, मूठभर तारली आणि एक बळा टाकला. मी नको नको म्हणत होतो, कोणी ऐकलं नाही.

इगर्जीत (चर्चमध्ये) बसून जे कळत नाही ते कुणाला वाडीत, चुलीपाशी, होडीवर कळलंय का? लिहा. ख्रिस्ती असायलाच हवं असं नाही.

---

भरतीओहोटी

मी गाबीत, मासेमार. आमची स्वतःची रापण होती, आता चुलतभाऊ चालवतो. तुमची गोष्ट आवडली, पण एक सांगतो, रागावू नका. आयत्याला वाटा दिला तो दयेने नाही, हिशोबाने.

रापणीत सुरुवातीचा दोर लांब पण त्या मानाने हलका. जाळं काठाकडे आलं की खरी मारामारी. लाट मागून ढकलते, मासळी वाट शोधत कडेला धावते, खालचा वजनाचा दोर वाळूवर टेकलेला राहायला हवा, नाहीतर सगळं खालून निसटतं. दोन तास ओढलेल्यांची ताकद तोपर्यंत संपलेली असते. अशा वेळी ताज्या दमाचे दोन हात आले तर त्यांना कोणी फुकट्या म्हणत नाही. उलट "खंय होतंस रे" म्हणत शिव्या देतात आणि दोर हातात देतात.

बाकी होडीचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा. तुम्ही म्हणता तो हाताचा वाटा. आणि हल्ली हातच नाहीत. पोरं मुंबईला नाहीतर गोव्याला, उरलेली पर्यटकांच्या होड्यांवर. वर खोल समुद्रात पर्ससीनवाले (मोठ्या यांत्रिक जाळ्यांच्या बोटी) थवेच्या थवे आधीच उचलतात. त्यामुळे वीस मिनिटांसाठी आलात तरी बरं केलंत. 😀

---

शेरास_सव्वाशेर

भरतीओहोटी यांचा मुद्दा भारी आहे. पण मग दृष्टांत वेगळाच होतो की! मालक दिवसभरात पाच वेळा नाक्यावर जातो. पाचला गेला तेव्हा विचारतो, दिवसभर रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हांला कोणी कामाला लावलंच नाही. म्हणजे गरज मालकाला होती की त्यांना, हे गोष्ट सांगतच नाही.

मला नेहमी खटकतं ते पुढचं. मालक पगार वाटताना शेवटच्यांपासून सुरुवात करतो. अहो, सकाळच्यांना आधी दिनार देऊन घरी पाठवलं असतं तर त्यांना काही कळलंही नसतं आणि भांडणही झालं नसतं! हा माणूस मुद्दाम त्यांना रांगेत उभं करून बघायला लावतो. आमच्या हाफिसात बोनसच्या दिवशी असं कोणी केलं तर युनियन येईल.

---

सुकेळी

@शेरास_सव्वाशेर, तेच तर. भांडण व्हावं म्हणूनच ना? मालक शेवटी विचारतो, मी उदार आहे हे तुझ्या डोळ्यांत सलतं का? मूळ ग्रीकमध्ये शब्दशः 'तुझा डोळा वाईट आहे का' असं आहे. म्हणजे आपली दृष्ट. आमची आजी मीठमिरची ओवाळून टाकायची, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी बाई! धर्मगुरूंनी कितीदा सांगितलं, ऐकली नाही.

मी वसईची, कुपारी ख्रिस्ती. माझा अनुभव पिठाचा आहे, जरा लांबेल.

लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे फुगे (मैद्याचे गोळे) तळायचे. आता पाकिटातलं यीस्ट मिळतं, पण आजी पीठ फुगवायची ताडीने. संध्याकाळी मोठ्या परातीत मैदा, अंडी, नारळाचं दूध, आणि मग ती बाटली. बाटली उघडली की वास सगळ्या पडवीभर. पीठ मळून, वर ओलं फडकं टाकून, कोपऱ्यात ठेवायचं आणि आम्हां पोरांना ताकीद: झाकण उघडून बघायचं नाही. मी बघायचेच. काही होताना दिसत नसे. पहाटे उठावं तर पीठ परातीच्या काठावरून खाली उतरायला निघालेलं.

येशूचा खमिराचा (पीठ फुगवणाऱ्या आंबवणाचा) दृष्टांत दोन ओळींचा आहे. एका बाईने ते घेऊन तीन मापं पिठात लपवलं, आणि सगळं फुगलं. ही तीन मापं म्हणजे वाटीभर पीठ नव्हे हं, शंभरावर माणसांच्या भाकरी होतील एवढं. म्हणजे लग्नाचंच पीठ! हे मला मोठेपणी कळलं तेव्हा आजीची परात डोळ्यांसमोर आली.

पण खरी गोष्ट पुढे आहे. आमच्या शेजारच्या घरात ताडीने वाट लावली होती. बापाने वाडी विकली, केळीची बाग गेली, मुलं आमच्याकडे जेवायला असायची. त्या घरातली काकू आजीला पीठ मळायला यायची आणि बाटलीकडे बघायची नाही, तोंड फिरवायची. मी आजीला विचारलं, ती बाटली तू घरात का आणतेस? आजी म्हणाली, "ती तिकडे गेली तर तसं करते, इकडे आली तर असं."

नंतर बायबल वर्गात कळलं की यहुद्यांमध्ये खमीर ही चांगल्या गोष्टीची उपमा नव्हती. वल्हांडणाच्या सणाला ते घरातून झाडून काढायचे. येशू स्वतः परुश्यांच्या (कर्मठ यहुद्यांच्या) खमिराविषयी जपून राहा म्हणतो. आणि हाच माणूस स्वर्गाचं राज्य खमिरासारखं आहे म्हणतो! ऐकणाऱ्यांनी तोंडं वाकडी केली असणार, काकूसारखी. प्रवचनात हे कोणी सांगत नाही, सगळे 'लहानशी गोष्ट मोठा परिणाम' एवढ्यावरच थांबतात.

---

मोहोर

वाचतोय. सुंदर चाललंय.

मी देवगडकडचा आंबेवाला, नर्सरीही आहे. हिंदू. माझ्याकडे दरवर्षी कलमं न्यायला एक पाळक यायचे. एकदा त्यांनी मला बायबलमधलं पौलाचं पत्र वाचून दाखवलं. रानटी जैतुनाची (ऑलिव्हची) फांदी चांगल्या जैतुनाच्या झाडावर कलम केली, असं काहीतरी. मी म्हटलं, साहेब, तुमच्या पौलाला कलम बांधता येत नव्हतं. उलटं आहे हे!

आम्ही काय करतो? रायवळ आंब्याच्या कोयी पावसाच्या तोंडावर रुजत घालतो. रोप पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस लुसलुशीत, तेव्हाच वरून छाटायचं, देठात चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून बसवायची आणि वर प्लास्टिकची पट्टी. हे कोय कलम. खाली रानटी, वर जातिवंत. रायवळाची मुळं धीट, हापूसचं फळ गोड. कोणी शहाणा माणूस हापूसच्या झाडावर रायवळाची काडी बांधणार नाही. फळ रायवळच येईल ना!

पाळक हसले आणि पुढची ओळ दाखवली. पौल स्वतःच म्हणतो की हे निसर्गाच्या विरुद्ध आहे. म्हणजे त्याला माहीत होतं! परजातीय, म्हणजे यहुदी नसलेल्या लोकांना तो सांगत होता की तुम्ही रायवळ आहात, तुम्हांला वर बसवायचं काही कारण नव्हतं, तरी बसवलंय, तेव्हा फार ताठू नका, मुळाला तुम्ही नाही, मूळ तुम्हांला धरून आहे.

आपल्याला त्यातलं धर्माचं किती पटलं ते सोडा. पण आता कलमाच्या खालून रायवळाचा फुटवा आला की (तो येतोच, रोज बघून खुडावा लागतो, नाहीतर दोन वर्षांत हापूस मरतो आणि रायवळ उरतो) मला त्या पाळकांची आठवण येते.

---

रोखठोक

छान छान गोष्टी चालल्यात, थोडं पाणी ओततो.

सगळ्यात धडा सापडतो, कारण आपण सापडेल तिथेच शोधतो. अकरा बांगडे मिळाले म्हणून कृपा. नसते मिळाले तर? 'धीर धरायला शिकवलं.' काहीही झालं तरी उत्तर तयार. मग तो धडा कसला?

१६ मे २०२१, तौक्ते वादळ. मी तेव्हा वेंगुर्ल्यात बहिणीकडे अडकलो होतो. रविवार होता, पण कोरोनामुळे चर्चही बंद आणि देवळंही. रात्रभर माड एकमेकांवर आपटत होते. सकाळी किनाऱ्यावर गेलो. एका माणसाची होडी आहे तशी उभी. त्याने आकाशाकडे हात जोडले, म्हणाला, देवाने राखलं. त्याच्यापासून दहा हातांवर दुसऱ्याची होडी मधोमध फुटलेली, इंजिन वाळूत रुतलेलं. तो माणूस त्याच्याकडे बघत उभा होता. काही बोलला नाही.

मी तेव्हापासून असले धागे उघडतो आणि बंद करतो. आज लिहिलं.

---

खारं_पाणी

धर्मांतराचा छुपा प्रचार चालू आहे हा. आंबेवाले पण भुलले

---

व्यवस्थापक

वरच्या प्रतिसादावरची चर्चा या धाग्यात नको. आक्षेप असेल तर तक्रार विभागात लिहावे.

---

मोहोर

आंबेवाले भुललेले नाहीत, जूनमध्ये चौदाशे कोयी रुजत घालायच्या आहेत, वेळ नाही भुलायला.

---

माडाखालचा (धागाकर्ता)

@रोखठोक, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. गोड उत्तर देत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाच्या बुरुजाची गोष्ट आहे. बुरूज पडून अठरा माणसं मेली. लोकांच्या मनात होतं की ती पापी असणार. येशू विचारतो, यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा ती जास्त अपराधी होती असं वाटतं तुम्हांला? मुळीच नाही, असं तोच सांगतो. का मेली ते सांगत नाही. पडलेल्या बुरुजातून त्या अठरा जणांविषयी धडा काढायला तो साफ नकार देतो. उलट विचारणाऱ्यांकडे वळून म्हणतो, तुमचं तुम्ही बघा.

ज्याची होडी राहिली त्याने हात जोडले यात मला काही चूक वाटत नाही. पण ज्याची फुटली त्याच्याविषयी वाक्य बनवायचा हक्क मलाही नाही, पाद्रींनाही नाही. माझा पाय त्या वर्षी होता. तौक्तेनंतर तो गावातल्या फुटलेल्या होड्यांवर पत्रे आणि फायबर लावत फिरत होता, सांधेदुखी असताना. त्याला मी विचारलं असतं की यातून काय शिकलास, तर त्याने पाना फेकून मारला असता.

@सुकेळी, ताडीवरून: आमच्याकडे सान्नां (इडलीसारखी) सुरीवर फुगवतात. सूर म्हणजे माडाची ताडी. आणि आमच्याही शेजारी एक घर होतंच. बहुतेक गावांत असावं.

---

मिठाची_पुडी

थोडं अवांतर. पृथ्वीचं मीठ, आणि मिठाचा खारटपणा गेला तर काय, या वचनावर शाळेत मी विज्ञानाच्या बाईंशी वाद घातला होता. मीठ अळणी कसं होईल? सोडियम क्लोराइडच ते.

आमचे आजोबा शिरोड्याच्या मिठागरात होते (१९३० च्या सत्याग्रहातलं तेच शिरोडं). ते म्हणायचे, मिठागरातलं मीठ नुसतं मीठ नसतं, त्यात माती असते, कडवट क्षार असतो. पावसाळ्यात ढिगाला ओल लागली की खारट तेवढं पाण्याबरोबर वाहून जातं. खाली उरतं ते पांढरंच दिसतं, पण जिभेवर ठेवलं तर रेती. मृत समुद्राकडचं मीठही असंच भेसळीचं असायचं. म्हणजे येशूला रसायनशास्त्र येत नव्हतं असं नाही, बाजारचं मीठ माहीत होतं.

हे सगळं आजोबांनी मला जाड्या मिठाच्या बरणीत तांदूळ घालताना सांगितलं. त्यांनी बायबल उघडूनही पाहिलेलं नव्हतं.

---

भरतीओहोटी

@माडाखालचा, तो आयतो उशिरा का यायचा ते सांगितलं नाहीत.

---

माडाखालचा (धागाकर्ता)

खरंच माहीत नव्हतं. काल रात्री आईला फोन केला. ती ऐंशीची आहे, पण गावातलं सगळं तिला वारांसकट आठवतं.

तिने सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो, कारण मूळ लेखातलं माझं निम्मं चूक निघालं. संपादनाची मुदत संपली आहे, वर दुरुस्ती करता येत नाही.

आयतो रात्री बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायला असायचा. पाळी सकाळी सुटायची, तिथून चालत यायचा. म्हणून उशीर. लुंगी खोचत यायचा ती ओली असायची, ते मला आठवतं, पण मी समजायचो समुद्रात उतरला असेल.

दुसरं. "दोरयेक हात लायलो मां त्येनी" हे पाय बोललाच नव्हता. ते रापणीच्या तांडेलाने (म्होरक्याने) म्हटलं होतं. आणि ते माझ्यासाठी नव्हतं, पायसाठी होतं. आई म्हणाली, "तुजो पाय थंयच झगडलो. तू रडलंस तां तेका बघून." त्या दिवशी वाट्यावरून पायनेच आवाज चढवला होता, सगळ्यांसमोर. मी त्याचं बघून रडलो. घरी आल्यावर त्याने आयत्याचे आणि आमचे बांगडे तोंडपाठ मोजून दाखवले, म्हणे त्याला एक जास्त आहे. आठवडाभर रापणीवर गेला नाही.

मी तीसेक वर्षं ते वाक्य पायच्या तोंडात घालून फिरतोय. त्याच्या स्मरणाच्या प्रार्थनेच्या दिवशी इगर्जीत माइकवर सांगितलंय! आई पहिल्या बाकावर बसली होती. मी विचारलं, तेव्हा का नाही बोललीस? ती म्हणाली, "लोकांक बरां दिसलां. रवांदी म्हटलां."

---

सुकेळी

बाई गं. 😀 म्हणजे सकाळी सहाला आलेला मजूर तुमच्या घरातच होता.

---

माडाखालचा (धागाकर्ता)

हो. आणि आठव्या दिवशी पुन्हा गेला रापणीवर. का गेला ते आईला विचारलं. म्हणाली, "घरात मासळी नाय होती."

---

भरतीओहोटी

कोणत्या गावची रापण ते आता कळलं मला. तांडेल माझ्या आजीचा भाऊ. व्यनि करतो.

सप्टेंबरात जाळं काढतोय. साडेपाचाक या, चाय थंयच घेवया.